चष्मा पुसा, मग बोला

सुलतान बाजारात माझं साड्यांचं दुकान आहे. तिथे गिऱ्हाईक दुकानदाराला आणि दुकानदार गिऱ्हाइकाला दिवसभर तुच्छ लेखत असतात, आणि त्यावरच बाजार चालतो. त्यामुळे तुच्छतेतलं मला थोडंफार कळतं. पण आमचा व्यवहार किरकोळीचा. त्र्यंबकराव मुखेडकरांचा घाऊक होता. मी, माझं दुकान, आमची काचीगुड्याची इमारत, आख्खं हैदराबाद, हे सगळं त्यांनी एका नजरेत गुंडाळून कोपऱ्यात सारलं होतं. त्यांना मोकळी जागा हवी होती. आकाशाचे फोटो काढायला.

वीज खात्यात ते इंजिनिअर होते. उभी नोकरी त्यांनी रस्त्यांवर दिवे लावण्यात घालवली आणि निवृत्तीनंतरचं आयुष्य त्याच दिव्यांना शिव्या घालण्यात. इमारतीत ते सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत, मी त्यांच्या अगदी खालच्या मजल्यावर. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला त्यांची दुर्बीण असे. तान्ह्या तोफेसारखी पांढरी नळी, तळाशी आरसा, बाजूला कॅमेरा, आणि आकाशाच्या चालीने हळूहळू फिरणारी लोखंडी बैठक. त्यातून ते तेजोमेघ टिपत. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या मधले वायूचे आणि धुळीचे अवाढव्य ढग. दुर्बिणीला डोळा लावला तर फार तर एक राखाडी डाग दिसतो, चुन्याच्या भिंतीला ओल आल्यासारखा. पण कॅमेरा तासन्‌तास त्याच जागी रोखून ढीगभर फोटो घ्यायचे आणि ते संगणकावर एकावर एक रचायचे, की तोच डाग गुलाबी, जांभळा, शेंदरी होऊन उमलतो. नुसता चिकाटीचा मामला. माणसांच्या बाबतीत मुखेडकरांकडे ती अजिबात नव्हती, कारण सगळी वर खर्च होत असे.

“हा उजेड तेराशे वर्षं चालत माझ्या गच्चीवर येतो,” ते म्हणत, “आणि उंबऱ्यात पाऊल टाकणार, तोच तुमचा बाथरूमचा बल्ब त्याच्या तोंडावर थुंकतो.”

आमची ओळख दिवाळीत झाली. मी नुकताच राहायला आलो होतो आणि हौसेने गॅलरीत आकाशकंदील लावला होता. संध्याकाळी बेल वाजली. दारात एक उंच, वाळके गृहस्थ, गळ्यात दोरीने लटकवलेले दोन चष्मे. नमस्कार नाही, नाव नाही. माझ्या तोंडाकडे न बघता त्यांनी माझ्या चष्म्याकडे बघितलं आणि म्हणाले, “चष्मा पुसा, मग बोलू.” मी सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग त्यांनी मला गॅलरीत नेलं, माझ्याच घरात, आणि वर बघायला सांगितलं. काय दिसतं, म्हणाले. मी म्हटलं, कंदील. आणखी काय? मी नीट बघून सांगितलं, कंदीलच. “तेच सांगायला आलो होतो,” असं म्हणून ते जिना चढून गेले. मी कंदील उतरवला. का उतरवला, ते बायकोला मी आजपर्यंत पटवू शकलेलो नाही.

‘चष्मा पुसा’ हे त्यांचं सगळ्या जगाला एकच उत्तर होतं. विमा विकायला आलेला माणूस, सोयरिकीचं बोलायला आलेले पाहुणे, वर्गणी मागायला आलेली पोरं, कुणीही काहीही बोलायला तोंड उघडलं की आधी चष्मा पुसा. ज्यांना चष्मा नसे त्यांना, “मग एक करून घ्या.” डोळ्यांच्या डॉक्टरांनाही हे ऐकवून आल्याचं त्यांच्या पत्नी मालतीबाई सांगत. स्वतः मात्र खिशात पत्र्याची एक चपटी डबी बाळगत. तीत भिंग पुसायचं लोण्यासारखं मऊ फडकं असे. मी एकदा ते मागितलं. त्यांनी डबीचं झाकण टप्पदिशी लावलं. “हे भिंगांसाठी आहे. माणसांना सदरे असतात.”

मालतीबाई शांत, गोलमटोल आणि आतून फार खोडकर बाई. पावसाळा मला सोसत नाही, असं त्या म्हणत तेव्हा लोकांना वाटे सर्दीचा त्रास असेल. खरी गोष्ट अशी, की पावसाळ्यात आकाश झाकलेलं आणि मुखेडकर घरात. मग वरणात हिंग किती, गादीची घडी कशी, शेजारणीचं हसणं किती मोठं, या सगळ्याची तपासणी चाले. “लोक म्हणतात दुर्बीण माझी सवत,” मालतीबाई मला म्हणाल्या होत्या. “सवत कसली हो भावजी, बहीण आहे ती माझी. ते वर असतात म्हणून खाली संसार टिकला.”

फोटो दाखवण्याचा त्यांचा एक सोहळा असे. बोलावणं येई, पण ते आमंत्रण नसे, समन्स असे. खोलीत पडदे ओढलेले. संगणकासमोर ते आणि मागे आम्ही, शाळेतल्या ढ मुलांसारखे. फोटो समोर आला की कुणी काही बोलायचं नाही. बोललं तर चुकतं आणि नाही बोललं तर अडाणीपणा सिद्ध होतो. एकदा त्यांनी मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ दाखवला. खरोखर देखणा. कडेला गर्द जांभळा, आत डाळिंबी, मधे सोन्याचा झोत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “साहेब, ही शेड आमच्याकडे नारायणपेठ साडीत आहे, फक्त काठ थोडा बारीक.” त्यांनी संगणक बंद केला. पुढे कितीतरी दिवस जिन्यात भेटले की ते मला “या, काठपदर” म्हणत. लोकांना ते माझं आडनाव वाटू लागलं.

शहराबद्दल विचाराल तर त्यांचं मत एका वाक्यात होतं. “मी या गावाला उजेड दिला. गावानं त्या उजेडात काय केलं? मिरची भजी खाल्ली.”

आता मुग्धाबद्दल सांगायला हवं. पुण्याहून संगणकाच्या नोकरीसाठी आलेली, तिसऱ्या मजल्यावरची. तिशी ओलांडलेली, चटपटीत, आणि तिलाही हाच नाद. सुटीच्या दिवशी ती आपली छोटी दुर्बीण गाडीत टाकून शहराबाहेर पळायची. तिने मुखेडकरांना काका म्हटलं, वाकून नमस्कार केला, त्यांचे सगळे फोटो बघितले, आणि मग एकच गोष्ट विचारली. “काका, तुम्ही पांढऱ्या कापडाचे फोटो घेत नाही का?”

हे मलाही तेव्हाच कळलं. दुर्बिणीच्या तोंडावर स्वच्छ पांढरं कापड ताणून बसवायचं, दिवसाउजेडी त्याचे फोटो घ्यायचे. कापडावर काहीच नसतं, तेव्हा फोटोत जे डाग दिसतील ते आपल्याच कॅमेऱ्यावरच्या धुळीचे. मग ते आकाशाच्या फोटोतून वजा करायचे. कामाची रीतच आहे ती, तेजोमेघवाले सगळे करतात म्हणे.

मुखेडकरांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. “धूळ तुमच्या पुण्याच्या घरात असेल. माझ्या कॅमेऱ्यावर नाही. आणि आकाशाला कापड नेसवायचं असेल तर खालच्या मजल्यावर काठपदर राहतात.”

मुग्धा हसली आणि खरंच माझ्या दुकानात आली. तिने उत्तम पांढरी मलमल फाडून घेतली आणि काकांना भेट म्हणून दिली. ती त्यांनी घरात टाकून दिली, आणि मालतीबाईंनी तिच्यात चक्का बांधला. त्या पाडव्याच्या श्रीखंडाचा विषय इमारतीत अजून निघतो. इतकं मऊ कधी झालं नव्हतं.

आणि मग गच्चीवर संकट आलं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष यादगिरी नावाचे गृहस्थ. बांधकामाच्या सामानाचा धंदा, मोठं पोट, मोठं मन, मोठा आवाज. त्यांच्या डोक्यात आलं की गच्चीवर पत्र्याची शेड टाकावी, चारी बाजूंनी मोठाले दिवे लावावेत, म्हणजे बारसं, हळद, वाढदिवस घरच्या घरी. सगळी इमारत खूश. मुखेडकरांनी विरोध करताना आमच्यातल्या प्रत्येकाची लायकी वेगवेगळी काढली, त्यामुळे जे दोघे-तिघे त्यांच्या बाजूचे होते तेही शेडच्या बाजूला गेले. यादगिरींनी त्यांना समजावून बघितलं. आसमान कित्ता ऊंचा है साब, अपनी शेड तो आसमान कू लगती भी नै. त्यावर मुखेडकर काय म्हणाले असतील ते सांगायला नको. यादगिरींना चष्मा नव्हता.

निकाल एका रविवारच्या सभेत लागायचा होता. त्याच सुमारास मुखेडकरांनी शोध लावला.

हंस तारकासमूहातल्या एका लालसर तेजोमेघाच्या कडेला त्यांना एक काळा, गोल डाग सापडला. तेजोमेघांत काही गडद असतात. त्यांच्यातली धूळ इतकी दाट, की मागचा उजेड अडतो आणि काळी आकृती उरते. हा त्यांतलाच होता, आणि कुठल्याही नकाशात नव्हता. त्यांनी खात्री करून घेतली. पुन्हा फोटो घेतले, डाग होता. पुन्हा घेतले, होता. रोज, त्याच जागी, तसाच. जितके फोटो एकावर एक रचावे तितका तो अधिक काळा. मुग्धा म्हणाली, एखाद्या वेधशाळेला विचारू या. “पगारी माणसांना तारे दिसत नाहीत,” ते म्हणाले. “मी तीस वर्षं पगारी होतो.”

मला त्यांनी गच्चीच्या दारात गाठलं. मी चष्मा पुसतच होतो, त्यामुळे थेट मुद्द्यावर आले. “काठपदर, ज्या गच्चीवरून आकाशातली नवी वस्तू सापडली, त्या गच्चीवर हळद लावण्याची कुणाची हिंमत होते बघतोच.” आवाज नेहमीसारखा वरचढ, पण डबीचं झाकण ते सारखं उघडत होते आणि लावत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस घाबरला आहे. गच्ची गेली तर हे कुठे जाणार? खाली, आमच्यात?

सभा यादगिरींच्या दिवाणखान्यात भरली. त्यांच्याकडे भिंतभर टीव्ही आहे. इडल्या होत्या, पडदे ओढलेले होते. मुखेडकर कोट घालून आले. समोर बसलेल्यांवरून नजर फिरवून त्यांनी सुरुवात केली, की समझेगा नै, फिर भी दिखाता हूँ. आणि हंसातला फोटो लावला.

खरं सांगतो, आम्ही गारठलो. तो धगधगता लाल पसारा, आणि उजव्या हाताला खाली काजळाच्या बोटासारखा तो डाग. त्यांनी थोडक्यात, अपमान करत, सगळं समजावलं. टाळ्या पडल्या. यादगिरी तर विरघळलेच. नाव काय ठेवणार, त्यांनी विचारलं. “मुखेडकर,” असं त्यांनी खाली बघून सांगितलं. विनय हा सदरा त्यांना मापाचा नव्हता, पण त्या दिवशी त्यांनी तो घालून बघितला. यादगिरी उठून उभे राहिले. हमारी बिल्डिंग का नाम होता साब, शेड कायकू, शेड नक्को. हात वर झाले. सगळेच. गच्ची वाचली. मालतीबाईंनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला आणि चटणी वाढून घेतली.

इथे शहाण्या माणसाने टीव्ही बंद केला असता. पण तुच्छतेचं असं आहे, की जिंकून तिचं पोट भरत नाही. समोरच्याला आपण का जिंकलो हे कळलेलंच नाही, हे दाखवल्याशिवाय तिला झोप येत नाही. मुखेडकर म्हणाले, आता साधं आकाश कसं असतं तेही बघून घ्या, म्हणजे काळं कशाला म्हणतात ते कळेल. आणि त्यांनी मृगाचा तो जुना फोटो लावला, पण न कापलेला, पूर्ण. रिकामं आकाश दिसावं म्हणून कोपरे उजळत नेले.

उजव्या हाताला, खाली, काजळाचं बोट.

कुणाला दिसलं नाही. लोकांनी मृगालाही टाळ्या दिल्या, उलट जास्त. मी त्यांच्या धाकाने चष्मा पुसून बसलो होतो, म्हणून मला दिसलं. मुखेडकर थांबले. त्यांनी धनु राशीतला एक फोटो टीव्हीवर लावला, उजळला. तिथेही होतं, त्याच जागी. आकाशाच्या तीन टोकांना एकच तेजोमेघ नसतो. कॅमेऱ्याच्या काचेवर बसलेला धुळीचा एक कण मात्र जिकडे कॅमेरा वळवाल तिकडे जातो. रोज घेतलेल्या फोटोंनी त्यांनी खात्री केली होती ती त्या कणाची.

त्यांनी मागे वळून मुग्धाकडे बघितलं. ती बशीतल्या इडलीकडे फार बारकाईने बघत होती.

“मुग्धाबाई, तुम्हाला कधी दिसलं?”

“काका, नंतर बोलू आपण.”

“कधी?”

“पहिल्याच फोटोत.”

“मग बोलला का नाहीत?”

ती हळूच म्हणाली, “गच्ची राहत होती ना, काका.”

या माणसाला लोकांनी भांडखोर म्हटलं होतं, विक्षिप्त म्हटलं होतं, यादगिरींच्या मुलाने तर तोंडावर सनकी बुढ्ढा म्हटलं होतं. त्यातलं काही त्यांना लागलेलं मी पाहिलं नाही. पण हे लागलं. आपली कीव केली गेली, आणि तीही पुण्याच्या बाईकडून. ते ताठ झाले, विनयाचा सदरा उतरला, आणि आमचे नेहमीचे मुखेडकर परत आले.

“यादगिरी साब,” ते म्हणाले, “ये धूल है. मेरे कॅमेरे की. तुम लोगां अभी धूल कू तालियां बजाए.”

यादगिरींना वाईट वाटलं. मोठ्या मनाचा माणूस. ते म्हणाले, जाने दो साब, धूल तो धूल सही. हाथ उठ गए, गच्ची तुमारीच. आम्हीही माना हलवल्या. एवढंच करायचं होतं, हो म्हणायचं होतं. मालतीबाई नवऱ्याकडे बघत होत्या. मी आयुष्यात कुणाला इतकं मनापासून ‘हो म्हणा’ असं न बोलता म्हणताना पाहिलं नाही.

“जिनको धूल और तेजोमेघ का फरक नै मालूम,” मुखेडकर म्हणाले, “उनकी दी हुई गच्ची मेरे कू नक्को.”

आणि निघून गेले. मालतीबाईंनी शांतपणे उरलेली इडली संपवली, हात धुतले आणि मला म्हणाल्या, “गेली हो भावजी, माझी बहीण.”

शेड झाली. पहिला कार्यक्रम यादगिरींच्या नातीच्या बारशाचा. दिवे असे, की खाली रस्त्यावर रिक्षावाले वर बघत थांबले. मी जिलब्या खाल्ल्या आणि जिन्यावरून उतरताना मुखेडकरांच्या बंद दाराकडे बघायचं टाळलं.

थोड्या दिवसांनी ते माझ्या दुकानात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गादीवर बसले नाहीत. मलमल दाखवा, म्हणाले. मी दाखवल्या. एकीला खळ जास्त होती, एकीची वीण विरळ होती, एक बघून त्यांनी विचारलं की हे तुम्ही माणसांना विकता का. शेवटी एक निवडली. मी म्हटलं, मुग्धाने दिलेली होती ना घरी? “तिला दह्याचा वास येतो,” ते म्हणाले. “आकाश आंबट येईल.” बोलून त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं, मी हसतोय का ते. मी हसलो नाही. गाठीशी तेवढा अनुभव होता.

मुखेडजवळ त्यांच्या पुतण्याचा मळा होता. तिथे रात्री अंधार असतो, एवढी एकच चांगली गोष्ट त्यांनी त्या मुलुखाबद्दल कधी काढली. ते दुर्बिणीसकट निघाले. आधी दुर्बीण, मग सावकाश मी, असा क्रम मालतीबाईंनी स्वतःच लावला. निरोप द्यायला काचीगुडा स्टेशनवर मी एकटाच होतो. बाकी कुणाला बोलावलं नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

नळी दोन गोधड्यांत गुंडाळलेली, आणि तिच्या तोंडाला नवी मलमल, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तशी दोऱ्याने करकचून. हमाल ती उचलताना म्हणाला, बच्चे के जैसा पकडता साब. मुखेडकर म्हणाले, “बच्चा गिरा तो दूसरा होता. ये नै होता.” डब्यात नळी आडवी झाली, तिच्या शेजारी ते बसले आणि खिडकीतून त्यांनी मला न्याहाळलं.

“मुग्धाबाईंना सांगा,” ते म्हणाले, “कापड कसं ताणतात ते दाखवायला यावं. मला येतं. पण यावं.”

मी म्हटलं, सांगतो.

“आणि चष्मा पुसा.”

सवयीने माझा हात सदऱ्याकडे गेला. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या नाकावरचा चष्मा सरळ उचलून घेतला. मग खिशातून पत्र्याची ती डबी काढली. फडकं उलगडलं, काचेवर फुंकर घातली, मधून कडेकडे गोल गोल पुसलं, उजेडाकडे धरून बघितलं, नाक मुरडलं, पुन्हा पुसलं. गाडीने शिट्टी दिली तरी त्यांचं चालूच. अगदी डबा हलता हलता चष्मा माझ्या हातात पडला, आणि मी तो घातला.

इतका स्वच्छ चष्मा माझ्या डोळ्यांवर कधी आलेला नव्हता. खिडकीतून ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची तुच्छता मला पहिल्यांदाच नीट दिसली, डोळ्यांच्या कडेच्या बारीक सुरकुत्यांसकट. एक डाग नव्हता तिच्यावर.